जहाज ते किनारा : कवरत्ती बंदरातील सोयी आणि सेवा

कोची बंदरातून निघालेले जहाज ४०४ किलोमीटरचा सागरी प्रवास करून लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्ती बेटासमोर येते, तेव्हा प्रवाशांना नारळीची गर्द राई, पांढरी शुभ्र पुळण आणि किनाऱ्यावर वाट पाहत उभी असलेली माणसे स्पष्ट दिसू लागतात. कोचीहून लक्षद्वीपच्या निरनिराळ्या बेटांना पोहोचण्यास जहाजाला साधारणतः चौदा ते अठरा तास लागतात. एवढा पल्ला पार पडला म्हणजे प्रवास संपला, असे मुख्य भूमीवरील माणसास वाटणे साहजिक आहे. परंतु प्रवासाचा सर्वांत अवघड टप्पा अद्याप शिल्लक असतो. हा टप्पा म्हणजे जहाज आणि किनारा यांच्यामधील थोडेसे पाणी.

बेटावर लागणारा तांदूळ, भाजीपाला, औषधे, सिमेंट, शाळेची पुस्तके आणि स्वयंपाकाचा गॅस या सर्व वस्तूंना हे पाणी ओलांडावे लागते. शिक्षणासाठी केरळात जाणारा विद्यार्थी, शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण आणि बदलीवर आलेला शिक्षक यांनाही दुसरी वाट क्वचितच उपलब्ध असते. मोठ्या बंदराची योग्यता तेथे वर्षाकाठी किती टन मालाची चढउतार झाली यावरून मोजतात. लहान बेटाच्या बंदराला हे माप पुरत नाही. समुद्र खवळलेला असताना माणूस आणि धान्य सुखरूप किनाऱ्यास लागते की नाही, हीच तेथील खरी कसोटी होय. कवरत्तीचे बंदर या कसोटीला कसे सामोरे जाते, तेथे कोणत्या सोयी झाल्या आहेत आणि कोणत्या अडचणी अजून उरल्या आहेत, याचा परामर्श या लेखात घेतला आहे.

प्रवाळांनी घडविलेले बेट

लक्षद्वीप हा देशातील सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश आहे. अरबी समुद्रात विखुरलेल्या येथील ३६ बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. त्यांपैकी दहा बेटांवर लोकवस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती. कवरत्तीचे क्षेत्रफळ ४.२२ चौरस किलोमीटर असून त्या जनगणनेच्या वेळी बेटावर सुमारे अकरा हजार लोक राहत होते. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान असलेल्या या भूमीवर प्रशासनाचे मुख्यालय, रुग्णालय, शाळा, बाजार आणि बंदर एवढे सर्व सामावले आहे.

ही बेटे प्रवाळांची आहेत. समुद्रातील सूक्ष्म प्राण्यांच्या चुनखडीयुक्त सांगाड्यांचे थर हजारो वर्षे साचत गेले आणि त्यांतून ही भूमी वर आली. कवरत्तीच्या पश्चिमेस प्रवाळभित्तीचे कडे आहे. हे कडे आणि बेट यांच्यामध्ये उथळ, संथ, निळसर हिरव्या पाण्याचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला आहे. भूगोलाच्या पुस्तकांत अशा पाण्याला खारकच्छ म्हणतात. लहान होड्यांना ते उत्तम आश्रयस्थान आहे. परंतु मोठ्या जहाजाला पुरेल एवढी खोली तेथे नाही. प्रवाळभित्तीला पडलेल्या खिंडारातून होड्या आत येऊ शकतात, जहाजांना मात्र बाहेरच थांबावे लागते.

बाहेरची परिस्थिती याच्या अगदी उलट आहे. प्रवाळभित्ती ओलांडताच समुद्राचा तळ एकदम खोल जातो. जहाजाला नांगर टाकण्याजोगी जागा त्यामुळे फारच थोडी मिळते. आत खोली कमी आणि बाहेर खोली फार, अशा पेचात ही बेटे सापडली आहेत. कोकणातील बहुतेक जुनी बंदरे खाडीच्या मुखाशी वसलेली आहेत. नदीने खोदलेला मार्ग आणि डोंगराचा आडोसा यांचा लाभ त्यांना मिळाला. कवरत्तीला नदी नाही, खाडी नाही आणि डोंगरही नाही. निसर्गाने दिलेले बंदर नाही म्हणूनच येथे प्रत्येक सोय माणसाला परिश्रमाने उभी करावी लागली.

गलबतांचा काळ

यांत्रिक जहाजे येण्यापूर्वी बेटवासीयांचा मुख्य भूमीशी असलेला संबंध शिडाच्या गलबतांवर अवलंबून होता. ‘ओडम’ या नावाने ओळखली जाणारी ही गलबते खोबरे आणि काथ्या घेऊन मंगळूर, कण्णूर, कोझिकोड या बंदरांकडे जात व परतताना तांदूळ आणि इतर जिन्नस आणीत. बेटावर भात पिकत नाही. नारळाच्या सोडणापासून स्त्रियांनी वळलेला काथ्या देऊन त्याच्या मोबदल्यात तांदूळ घ्यावयाचा, असा व्यवहार दीर्घकाळ चालला. त्यात कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याचा आणि पुढे इंग्रजांचाही मक्ता होता. मालाचा भाव ठरविणारा व्यापारी पलीकडच्या किनाऱ्यावर आणि माल पिकविणारा कुणबी अलीकडच्या बेटावर, अशी ही स्थिती होती. वाहतुकीचे साधन ज्याच्या हाती, भाव ठरविणेही त्याच्याच हाती, हा अनुभव बेटवासीयांनी कित्येक पिढ्या घेतला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा द्वीपसमूह केंद्रशासित प्रदेश झाला. आरंभी त्याचे प्रशासकीय मुख्यालय कोझिकोड येथे होते. १९६४ मध्ये ते कवरत्तीला हलविण्यात आले आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून प्रदेशाला लक्षद्वीप हे नाव मिळाले. मुख्यालय बेटावर आल्यामुळे अधिकाऱ्यांनाही बेटवासीयांप्रमाणेच जहाजाची वाट पाहणे भाग पडले. बंदराच्या प्रश्नाकडे पाहण्याच्या दृष्टीत यामुळे पडलेला फरक सहज समजण्यासारखा आहे.

जहाजातून होडीत, होडीतून धक्क्यावर

जहाज बेटासमोर आले की किनाऱ्यावरून यांत्रिक होड्या निघतात. जहाजाच्या बाजूस, पाण्याच्या पातळीपासून थोड्याच उंचीवर, प्रवाशांच्या चढउतारासाठी दार असते. होडी दाराला लागते. पण ती स्थिर राहत नाही. लाटेबरोबर ती वर येते आणि क्षणात खाली जाते. दाराशी एक आणि होडीत दोन खलाशी उभे असतात. होडी वर आली की ते प्रवाशाच्या दंडाला धरून पाऊल टाकण्याची खूण करतात. हा क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहावी लागते. समुद्र शांत असेल तर या कामाचे कोणास फारसे काही वाटत नाही. वारा असेल तर वृद्ध, गरोदर स्त्रिया, कडेवरची मुले आणि आजारी माणसे यांना होडीत घेणे मोठे जोखमीचे ठरते. जीवरक्षक जाकिटे, मजबूत दोर, होडीच्या कडेला लावलेले टायर आणि लाटेचा अंदाज असलेला अनुभवी तांडेल, ही या सेवेची खरी साधने होत.

मालाची तऱ्हा आणखी निराळी आहे. कोचीच्या गोदीत ट्रकमधून उतरवून जहाजात भरलेले पोते कवरत्तीसमोर क्रेनने बार्जमध्ये उतरविले जाते. बार्ज खिंडारातून आत येऊन धक्क्याला लागते. तेथे पोते पुन्हा उचलून वाहनात आणि वाहनातून गोदामात जाते. प्रत्येक हाताळणीत वेळ जातो, मजुरी लागते आणि काही माल भिजतो किंवा सांडतो. बेटावरील दुकानात भाज्या महाग का मिळतात, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या चढउतारात सापडते.

ही अडचण कमी करण्याचे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले. खारकच्छातील होड्यांचे मार्ग खोल करण्यात आले, पश्चिमेकडील धक्के वाढविण्यात आले आणि कवरत्ती, आगत्ती, मिनिकॉय यांसारख्या बेटांच्या पूर्व किनाऱ्यावर नवे धक्के बांधण्यात आले. पूर्व किनाऱ्याची निवड हेतुपुरस्सर केलेली आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा पश्चिमेकडून येऊन प्रवाळभित्तीवर आदळतात. त्या काळात बेटाची पूर्व बाजू तुलनेने आडोशाची असते. वारा जसा फिरेल तशी चढउताराची जागा बदलावयाची, हे येथील बंदर व्यवस्थेचे एक प्रमुख सूत्र आहे. कोणत्या दिवशी कोणता धक्का वापरावयाचा, याचा निर्णय समुद्राची अवस्था पाहून घ्यावा लागतो आणि तो निर्णय प्रवाशांपर्यंत वेळेवर पोहोचविणे ही देखील बंदराची एक महत्त्वाची सेवा ठरते.

जहाजांचा ताफा आणि एका आगीचा धडा

प्रशासनाच्या बंदर, नौवहन व विमान वाहतूक खात्याकडे या सेवेची जबाबदारी आहे. प्रवासी जहाजे प्रशासनाच्या मालकीची असून ती चालविण्याचे काम सार्वजनिक उपक्रमांकडे सोपविण्याची पद्धत आहे. ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे सातशे प्रवाशांची सोय असलेले जहाज विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधले गेले आणि २००८ मध्ये सेवेत आले. पुढे प्रत्येकी चारशे प्रवाशांची ‘कोरल्स’ आणि ‘लगून्स’ ही जहाजे ताफ्यात सामील झाली. याखेरीज लहान जहाजे आणि बेटाबेटांमध्ये धावणाऱ्या वेगवान नौका आहेत. प्रवासभाडे सवलतीचे ठेवलेले आहे. कारण येथे जहाज हीच एस. टी. आणि जहाज हीच रेल्वे आहे. बेटाबाहेरील व्यक्तीला येण्यासाठी १९६७ च्या नियमांनुसार प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो.

विमानाची सोय १९८८ पासून आगत्ती बेटावर झाली. परंतु तेथील धावपट्टी आखूड असल्याने लहान विमानेच उतरू शकतात आणि सर्वसामान्य कुटुंबाला विमानाचे भाडे परवडत नाही. कवरत्तीच्या रहिवाशाला विमान गाठण्यासाठीही प्रथम समुद्र ओलांडून आगत्तीला जावे लागते. त्यामुळे जहाजाचे महत्त्व कमी झालेले नाही.

हे महत्त्व किती मोठे आहे, याची जाणीव एका दुर्घटनेने करून दिली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘एम. व्ही. कवरत्ती’च्या इंजिनकक्षात भर समुद्रात आग लागली. आग आटोक्यात आली, प्रवासी सुखरूप राहिले आणि तटरक्षक दलाच्या साहाय्याने जहाज ओढून नेण्यात आले. मात्र ताफ्यातील सर्वांत मोठे जहाज दुरुस्तीसाठी सेवेबाहेर गेले. इतर काही जहाजेही त्याच सुमारास दुरुस्तीत असल्याने २०२२ मध्ये तिकिटांची तीव्र टंचाई निर्माण झाली. उपचारासाठी केरळात गेलेली कुटुंबे परतीच्या जहाजाची वाट पाहत अडकून पडली, विद्यार्थ्यांचे बेत कोलमडले आणि बेटांवर त्याविरुद्ध आवाज उठला. धक्का उत्तम असला तरी त्याला लागणारे जहाजच नसेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्या वर्षी बेटावरील घराघरांत विचारला गेला. राखीव जहाज, वेळच्या वेळी दुरुस्ती आणि सुट्या भागांचा साठा या बाबी बंदराच्या सोयींच्या यादीत सहसा लिहिल्या जात नाहीत. त्या लिहिल्या गेल्या पाहिजेत, हा या अनुभवाचा धडा आहे.

पावसाळ्यापूर्वीची तरतूद

मालवाहू यांत्रिक गलबते प्रामुख्याने केरळातील बेपूर आणि कर्नाटकातील मंगळूर येथून येतात. बेटावर खडी आणि वाळू काढणे म्हणजे बेटाचाच पाया पोखरणे असल्यामुळे बांधकामाचे साहित्यसुद्धा या गलबतांतून आणावे लागते. परंतु १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात गलबतांची वाहतूक बंद असते. सरकारी जहाजे चालू राहिली तरी हवामानामुळे त्यांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक सारखे बदलते. अशा वेळी जहाज बेटासमोर येऊनही प्रवासी उतरविता न आल्याने पुढच्या बेटाकडे निघून जाण्याचा प्रसंग येतो.

म्हणून मे महिन्याच्या मध्यापूर्वी तांदूळ, साखर, इंधन, गॅस आणि औषधे यांचा पुढील चार महिन्यांचा साठा करून ठेवणे, हे येथील प्रशासनाचे वार्षिक कर्तव्य आहे. बेटावरील सहकारी पुरवठा व विक्री संस्था या धान्याचे वाटप करतात. महाराष्ट्रातील वाचकांना ही व्यवस्था परकी वाटू नये. गडचिरोलीतील भामरागडसारख्या तालुक्यांत पर्लकोटेला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. तेथेही पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचते करावे लागते. समुद्र आणि नदी यांत मोठे अंतर असले तरी दोन्ही ठिकाणी गोदामातील धान्याचा हिशेब जूनपूर्वी जुळला पाहिजे, हे सूत्र एकच आहे. एप्रिलमध्ये राहून गेलेले काम जुलैमध्ये कितीही पैसा खर्चून पूर्ण करता येत नाही.

इंधन, वीज आणि पिण्याचे पाणी

बेटावरील वीज प्रामुख्याने डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांतून निर्माण होते. पूर्वी हे डिझेल पिंपांत भरून आणले जाई. ही पिंपे जहाजातून उतरविणे, बार्जमधून आणणे आणि साठविणे जिकिरीचे होते; शिवाय गळती झाल्यास खारकच्छातील जीवसृष्टीला धोका पोहोचत असे. कवरत्ती आणि मिनिकॉय येथे व पुढे अंद्रोत आणि कल्पेनी येथे इंडियन ऑइलचे इंधनसाठे उभे राहिले. या साठ्यांच्या उभारणीचा खर्च काही काळ इंधनाच्या दरात धरलेला होता. तो वसूल झाल्यानंतर मार्च २०२४ मध्ये पेट्रोल व डिझेलचे दर कवरत्ती आणि मिनिकॉय येथे लिटरमागे ५ रुपये २० पैशांनी, तर अंद्रोत आणि कल्पेनी येथे १५ रुपये ३० पैशांनी कमी झाले. बंदरातील एका सोयीचा परिणाम मच्छीमाराच्या खर्चावर कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. कवरत्तीवर बॅटरीच्या साठवणुकीसह सौर वीज प्रकल्पही जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. सूर्यप्रकाशाला जहाजाची गरज लागत नाही. जेवढी वीज त्यातून मिळेल तेवढे डिझेल समुद्रावरून आणण्याचे काम वाचते.

पिण्याच्या पाण्याची कथा याहूनही उद्बोधक आहे. प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराच्या रूपात साचून राहते. विहिरींतून त्याचा उपसा अधिक झाला की खालचे खारे पाणी वर येते. वाढत्या वस्तीला हा साठा अपुरा पडू लागला. तेव्हा चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे दररोज एक लाख लिटर गोडे पाणी तयार करणारे संयंत्र उभारले. त्याची रीत सोपी आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरील कोमट पाणी हवेचा दाब अतिशय कमी केलेल्या बंद टाकीत सोडतात. कमी दाबामुळे त्यातील काही भागाची कमी तापमानातच वाफ होते. साडेतीनशे मीटरच्या आसपास खोलीवरून नळाने वर आणलेल्या थंड पाण्याने ही वाफ निववली की तिचे गोडे पाणी होते. समुद्राचा तळ किनाऱ्यालगत एकदम खोल जात असल्यामुळेच एवढे थंड पाणी जवळच उपलब्ध झाले. ज्या खोलीने जहाजाला नांगर टाकण्यास मज्जाव केला, तिनेच बेटाची तहान भागविली. पुढे अशी संयंत्रे इतर बेटांवरही उभारण्यात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये कदमत बेटावर दररोज दीड लाख लिटर क्षमतेचे संयंत्र सुरू झाले.

रुग्ण, संदेश आणि संकटकाळ

कवरत्ती येथे इंदिरा गांधी रुग्णालय आहे. परंतु गंभीर आजाराच्या रुग्णाला कोचीला न्यावे लागते. त्यासाठी हेलिकॉप्टरची सेवा उपलब्ध आहे. पावसाळी ढग खाली उतरले आणि वारा वाढला की हेलिकॉप्टर उडू शकत नाही व त्याच वेळी होडीही जहाजाला लागू शकत नाही. रुग्णालयातील सोयी वाढविणे आणि धक्का सुधारणे ही दोन खात्यांची दोन स्वतंत्र कामे वाटतात. बेटावरील रुग्णाच्या दृष्टीने ती एकाच कामाची दोन अंगे आहेत.

संदेशवहनाच्या बाबतीत मोठा पालट झाला आहे. पूर्वी बेटांचा दूरध्वनी आणि इंटरनेट उपग्रहावर अवलंबून होते. कोचीपासून कवरत्तीसह अकरा बेटांपर्यंत समुद्रतळातून टाकलेल्या प्रकाशतंतू वाहिनीचे उद्घाटन ३ जानेवारी २०२४ रोजी झाले. जहाजांची वेळ, हवामानाचा इशारा आणि वैद्यकीय सल्ला त्यामुळे अधिक त्वरेने मिळू शकतो. याच्या जोडीला जुनी साधनेही आपले काम करीत आहेत. मिनिकॉयचा दीपस्तंभ १८८५ पासून उभा आहे आणि कवरत्तीचा दीपस्तंभ रात्री येणाऱ्या नौकांना बेटाची जागा दाखवितो. तटरक्षक दलाचे ठाणे कवरत्तीवर असून २०१२ मध्ये ‘आय. एन. एस. द्वीपरक्षक’ हा नौदलाचा तळही तेथे कार्यान्वित झाला.

लहान बंदराचे मोल संकटकाळी विशेष जाणवते. डिसेंबर २०१७ च्या आरंभी आलेल्या ‘ओखी’ चक्रीवादळाने मिनिकॉय आणि कल्पेनी बेटांचे मोठे नुकसान केले. त्याच वादळात सापडलेल्या केरळ आणि तामिळनाडूच्या कित्येक मच्छीमार नौकांनी लक्षद्वीपच्या बेटांचा आसरा घेतला. ज्यांना तो गाठता आला नाही, त्यांतील ६८ नौका वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात पोहोचल्या. त्यांवरील ९५२ मच्छीमारांच्या राहण्याजेवण्याची व्यवस्था जिल्हा प्रशासन आणि स्थानिक लोक यांनी केली. एरव्ही हापूस आंबा आणि मासळी यांसाठी प्रसिद्ध असलेले देवगड त्या दिवसांत शेकडो कुटुंबांचा आधार झाले. कवरत्ती आणि देवगड यांना जोडणारा हा धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे. समुद्रात संकटात सापडलेल्या नाविकाला जवळचे बंदर कोणत्या राज्याचे आहे याच्याशी कर्तव्य नसते. तेथे आडोसा, दिवा आणि हात देणारा माणूस आहे की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

विकासाची मर्यादा

सर्व अडचणींवर एकच रामबाण उपाय म्हणून मोठे बंदर बांधावे, अशी सूचना सहज पुढे येते. परंतु प्रवाळबेटावर असे करणे सोपे नाही. प्रवाळभित्ती हा बेटाचा तट आहे. महासागराच्या लाटांचा जोर तीच प्रथम अंगावर घेते. मार्ग खोल करण्यासाठी ती अधिक फोडली तर लाटा थेट किनाऱ्यावर येतात आणि पुळण झिजू लागते. उपसलेला गाळ जिवंत प्रवाळांवर बसून त्यांचा नाश होतो. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. आधीच दुबळ्या झालेल्या या भित्तीवर बांधकामाचा भार टाकताना फार काळजी घेणे आवश्यक आहे. प्रवाळावर बेट उभे आहे आणि खारकच्छातील लहान मासे हे कुपा या मुख्य मासळीच्या मासेमारीत आमिष म्हणून वापरले जातात. मच्छीमाराचा व्यवसाय आणि बंदराचा धक्का हे दोन्ही एकाच पाण्यात असल्याने एकाची सोय करताना दुसऱ्याची हानी होणार नाही, हे पाहावे लागते.

या मर्यादेत राहून करण्याजोगे पुष्कळ आहे. पूर्वेकडील धक्के अधिक सुरक्षित करणे, चढउतारासाठी स्थिर आणि बंदिस्त होड्या वापरणे, वृद्धांना व रुग्णांना उचलून न्यावे लागणार नाही अशी रचना करणे, भाजीपाल्यासाठी शीतगृहाची सोय वाढविणे आणि जहाजांच्या दुरुस्तीचे वेळापत्रक शाळांच्या सुट्या व परीक्षा लक्षात घेऊन आखणे, या उपायांना प्रवाळ तोडावा लागत नाही.

शेवटच्या टप्प्याकडे लक्ष

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही अनेक लहान बंदरे आहेत. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे त्यांची व्यवस्था आहे. खाडीपलीकडील गावाला तरीने जाणारे विद्यार्थी, बाजाराला निघालेल्या मासळी विक्रेत्या स्त्रिया आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेले जाणारे रुग्ण आपल्याकडेही आहेत. त्यांच्या दृष्टीने बंदर म्हणजे धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, त्यावरील दिवा, पावसात उभे राहण्यापुरते छप्पर, पिण्याच्या पाण्याचा नळ, होडीतील जीवरक्षक जाकिटे आणि वेळापत्रकाचा फलक. मोठ्या योजनांच्या तुलनेने ही कामे लहान दिसतात. त्यांतील बहुतेक कामांकडे ग्रामपंचायतीला आणि स्थानिक अधिकाऱ्यांना लक्ष देता येते किंवा संबंधित खात्याकडे त्यांचा पाठपुरावा करता येतो.

कवरत्तीच्या अनुभवाचे सार एवढेच आहे. चारशे किलोमीटरचा समुद्र ओलांडण्याची विद्या माणसाने केव्हाच आत्मसात केली. जहाजाच्या दारातून होडीत आणि होडीतून धक्क्यावर पडणारे पाऊल निर्धोक करण्याचे काम मात्र रोजच्या रोज, प्रत्येक लाटेबरोबर नव्याने करावे लागते. हे काम करणारा तांडेल, दोर धरणारा खलाशी आणि हवामानाचा इशारा लावणारा बंदरावरचा कर्मचारी यांच्या दक्षतेवरच बेटावरील घराघरांतील चूल, शाळा आणि आरोग्य अवलंबून आहे. योजनेचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे असे आपण नेहमी म्हणतो. कवरत्तीच्या धक्क्यावर उभे राहिले असता त्या म्हणण्याचा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो.